ऑकोनीची स्पीडवे: वेळेआधी बंद पडला म्हणून वाचलेला ट्रॅक

अमेरिकेत गाड्यांच्या शर्यती भरवणारी नॅसकार ही संस्था, तिच्या मुख्य मालिकेचा पहिला हंगाम १९४९ साली झाला. शोरूममधून घेतलेली गाडी आहे तशी शर्यतीत उतरवायची असा नियम होता, म्हणून मालिकेचं नावही 'स्ट्रिक्टली स्टॉक' असंच ठेवलेलं. आठ शर्यती, आठ वेगवेगळे ट्रॅक. त्यांतली तिसरी शर्यत ७ ऑगस्टला नॉर्थ कॅरोलायनातल्या हिल्सबरो गावाला लागून, ईनो नदीच्या काठी झाली. ट्रॅकचं नाव ऑकोनीची स्पीडवे. ०.९ मैलाचा, म्हणजे साधारण दीड किलोमीटरचा, लाल मातीचा लंबगोल. १९६८ मध्ये तिथे शेवटची शर्यत झाली. तो लंबगोल आजही जागेवर आहे. दोन्ही बाजूंनी उंच झाडं वाढली आहेत आणि मधल्या रुंद वाटेवर लोक फिरायला येतात.

मीही येतो. मॉरिसव्हिल, केरी, अपेक्स या भागात नोकरीनिमित्त स्थायिक झालेली मराठी कुटुंबं भरपूर आहेत आणि हिल्सबरो इथून गाडीने फार लांब नाही. तरी आपल्यापैकी बहुतेकांना हे ठिकाण ठाऊक नसतं, ठाऊक असलं तर 'नदीकाठचा ट्रेल' एवढंच. मला मात्र ही जागा अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या स्टेडियमपेक्षा मोलाची वाटते. तिचं प्रकरण नीट मांडावं असं बरेच दिवस मनात होतं.

गावात या ट्रॅकची गोष्ट साधारण अशी सांगतात: इथे जोरात शर्यती चालायच्या, रविवारच्या गोंगाटाला, दारूला आणि जुगाराला इथले पाद्री कंटाळले, त्यांनी विरोध केला आणि ट्रॅक बंद पडला. गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. मालिकेचं वेळापत्रक, त्या काळातले बाकीचे ट्रॅक आणि मालकांचे निर्णय शेजारी शेजारी ठेवून पाहिले की वेगळंच चित्र दिसतं. पाद्री गप्प बसले असते तरी या ट्रॅकला फार वर्षं उरली नव्हती. आणि तो ज्या वेळी, ज्या रीतीने बंद पडला, त्यामुळेच त्याची माती आज पायाखाली लागते.

घोड्यांच्या रिंगणापासून

ही जमीन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्युलियन कार या तंबाखूच्या उद्योगपतीकडे होती. डरॅमच्या तंबाखूवर त्याने अफाट पैसा केला आणि हिल्सबरोजवळच्या या शेतावर घोड्यांच्या शर्यतीसाठी रिंगण बांधलं. शेताचं नाव ऑकोनीची, इथल्या मूळ आदिवासी जमातीवरून आलेलं. पुढे दुसरं महायुद्ध संपल्यावर बिल फ्रान्स, म्हणजे नॅसकारचा संस्थापक, स्वतः विमान चालवत या भागावरून जात असताना त्याला ते जुनं रिंगण वरून दिसलं, असं सांगतात. फ्रान्सने एनॉक स्टेली वगैरे भागीदारांना बरोबर घेऊन १९४७ मध्ये ही जागा मिळवली आणि घोड्यांच्या रिंगणाजवळ गाड्यांचा ट्रॅक आखला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात डेटोना बीचच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात त्याने शर्यतवाल्यांची बैठक बोलावली. फेब्रुवारी १९४८ मध्ये नॅसकारची रीतसर नोंदणी झाली. म्हणजे नॅसकार ही संस्था आणि ऑकोनीची हा ट्रॅक जवळपास एकाच वेळचे.

शर्यतीत उतरणारी माणसं कुठली, हे कळल्याशिवाय या ट्रॅकचा जोर कळत नाही. नॉर्थ कॅरोलायना आणि शेजारच्या राज्यांत डोंगरात चोरून दारू गाळली जायची आणि रात्री ती शहरांत पोचवली जायची. पोलिसांच्या गाडीपेक्षा आपली गाडी पळाली पाहिजे, म्हणून फोर्डच्या व्ही-८ इंजिनावर ही मंडळी मेहनत घ्यायची. दारू लादल्यावर गाडीचा मागचा भाग खाली बसू नये म्हणून मागच्या स्प्रिंगा जड करायची. ही विद्या पुढे थेट शर्यतीत आली. १९४९ सालच्या पहिल्याच शर्यतीत, शार्लटला, ग्लेन डनअवे पहिला आला आणि तपासणीत त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगांत फेरफार सापडला. त्याला बाद करून जिम रोपरला विजेता ठरवलं. दोन महिन्यांच्या आत हिल्सबरोला बॉब फ्लॉक जिंकला, ओल्ड्समोबील घेऊन. बॉब, फॉन्टी आणि टिम हे तिघे फ्लॉक भाऊ आणि त्यांची बहीण एथेल मोब्ली, चौघेही शर्यतीतले.

लाल माती

या भागातली माती चिकट, तांबडी. पावसानंतर चालून आलात की बुटाच्या खाचांत ती अशी बसते की घरी आल्यावर काडीने कोरून काढावी लागते. मातीचा ट्रॅक म्हणजे नुसती मोकळी जागा नव्हे, हे मला वाचून आणि लोकांशी बोलून हळूहळू कळलं. शर्यतीआधी टँकरने पाणी मारायचं, मग जड यंत्रांनी दाबून घ्यायचं. धूळ धरून ठेवायला कॅल्शियम क्लोराइड टाकायचीही पद्धत होती. शर्यत सुरू होते तेव्हा माती ओलसर असते, टायर धरतात, वेग चढतो. फेऱ्या वाढतात तशी आतल्या कडेने माती घासून कडक होते, बाहेरच्या बाजूला भुसभुशीत भुगा साचतो. कुठून गाडी काढायची ही वाट दर दहा-पंधरा फेऱ्यांनी बदलते, आणि ती बदललेली वाट ज्याला आधी दिसते तो पुढे जातो.

वळणाचं तंत्र तर पाहण्यासारखं. डांबरावर ड्रायव्हर वळणात शिरताना ब्रेक मारतो. इथे वळण यायच्या आधीच गाडी तिरकी टाकायची. मागची चाकं बाहेर घसरतात, पुढची चाकं घसरणीकडे फिरवून धरायची आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढायचा नाही. पूर्ण वळणभर गाडी आडवी चालत असते. शोरूमच्या गाड्यांच्या दारांना पट्टे किंवा दोर बांधायचे, नाहीतर धक्क्याने दार उघडायचं. हेडलाइटवर टेप चिकटवायचा. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला इथे हडसन हॉर्नेट या गाडीचं राज्य होतं. तिचं इंजिन सहाच सिलिंडरचं, पण जवळपास पाच लिटरचं, आणि गाडीची फरशी खालच्या पातळीवर बसवलेली, त्यामुळे वजन जमिनीजवळ. मातीच्या वळणावर ती बाकीच्यांपेक्षा कमी डगमगायची. याच राज्यातल्या हर्ब थॉमसने १९५१ आणि १९५३ चं विजेतेपद मिळवलं, त्यात तिचा वाटा फार मोठा.

प्रेक्षक उतारावर बसायचे. टेकडीच्या अंगाला काँक्रीटच्या पायऱ्या बांधलेल्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच अजून दिसतात. मी मंचरकडचा. लहानपणी बैलगाडा शर्यतीला घाटाच्या कडेला बसून धुळीत माखलेलो आहे, बारी सुटली की सगळा डोंगर एकदम उभा राहतो ते पाहिलेलं आहे. या पायऱ्यांवर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा इथे काय होत असेल हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

या ट्रॅकवर नावं कोणकोणती येऊन गेली, त्याची यादी नॅसकारच्या इतिहासाइतकीच लांब होईल. दोनच सांगतो. फायरबॉल रॉबर्ट्सने १९५० च्या ऑगस्टमध्ये आपली पहिली शर्यत इथे जिंकली, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. १९६४ साली शार्लटच्या शर्यतीत गाडीला आग लागून तो भाजला आणि काही आठवड्यांनी गेला. दुसरा रिचर्ड पेटी. १९६७ च्या हंगामात त्याने २७ शर्यती जिंकल्या, त्यांतल्या दहा सलग. हा विक्रम आजही कुणी मोडलेला नाही आणि त्या दहांपैकी एक शर्यत हिल्सबरोची.

ज्यांनी फक्त ऐकलं

आमच्या ओळखीचे एक आजोबा आहेत, गोरे अमेरिकन, वय ऐंशीच्या आसपास, हिल्सबरोतच वाढलेले. त्यांचं घर चर्चला मानणारं, रविवारच्या शर्यतीला जायची सक्त मनाई. त्यामुळे त्यांनी लहानपणी इथली एकही शर्यत आत जाऊन पाहिलेली नाही. पण आठवणी मात्र भरपूर, आणि सगळ्या कानाच्या. दुपारचं जेवण झालं की ते मागच्या पायरीवर बसायचे. आवाज एका लयीत वर-खाली होत राहायचा: गाड्या त्यांच्या बाजूच्या सरळ पट्ट्यावर आल्या की चढायचा, पलीकडे गेल्या की उतरायचा. हा चढ-उतार मोडून एकसुरी घरघर सुरू झाली की समजायचं, पिवळा झेंडा आला, कुणाचातरी अपघात झाला. मग परत आवाज चढेपर्यंत आई स्वयंपाकघरात भांडी घासताना हळू व्हायची, असं ते सांगतात. ती शर्यतींच्या विरोधात होती, पण कोण लागलं, किती लागलं याची काळजी तिलाही असायची.

जुन्या ट्रॅकच्या आठवणी म्हटलं की आपण विजेत्यांच्या आणि चषकांच्या आठवणी गोळा करतो. मला या आजोबांची आठवण त्या सगळ्यांपेक्षा खरी वाटते, कारण ट्रॅकमुळे गावात काय चालत होतं ते तिच्यात आहे. विरोध करणारी माणसंही याच गावची होती आणि त्यांच्या रविवारवर दुपारभर इंजिनं घोंघावत होती. त्यांना खलनायक करणं मला पटत नाही.

आणखी काही आठवणी अशा आहेत की त्या गोड नाहीत, तरी टाळता येत नाहीत. ज्या ज्युलियन कारच्या शेतावर हे सगळं उभं राहिलं, त्याने १९१३ साली चॅपल हिलच्या विद्यापीठात एका पुतळ्याच्या अनावरणाच्या भाषणात एका काळ्या स्त्रीला आपण चाबकाने फोडून काढल्याचं अभिमानाने सांगितलं होतं. ट्रॅक चालला ती वर्षं बहुतांशी कायद्याने वंशभेद पाळण्याची वर्षं होती. वेंडेल स्कॉट हा व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा ड्रायव्हर, हिल्सबरोहून उत्तरेला तासाभराच्या अंतरावरचा. १९६१ पासून तो मुख्य मालिकेत होता आणि हिल्सबरोच्या मातीतही धावला. स्वतःच गाडी बांधायची, स्वतःच दुरुस्त करायची, स्वतःच चालवायची, मुलं पिटमध्ये, म्हणजे गाडी थांबवून दुरुस्त करायच्या जागी, मदतीला. एकूण ४९५ शर्यती. १ डिसेंबर १९६३ ला फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला तो जिंकला, तर झेंडा दुसऱ्याला दाखवला, चषकही दुसऱ्याला दिला. प्रेक्षक निघून गेल्यावर फेऱ्या परत मोजल्या आणि विजय त्याच्या नावावर मांडला. तो चषक त्याच्या कुटुंबाच्या हातात २०२१ साली पडला, स्कॉट जाऊन तीस वर्षं झाल्यावर. जॅक्सनव्हिलचा तो ट्रॅकही आता नाही.

बायका सुरुवातीच्या दोन-तीन हंगामांत या मातीत उतरल्या, ही तर आज अनेकांना नवीन वाटेल अशी गोष्ट. साउथ कॅरोलायनातली लुईस स्मिथ १९४९ साली घरची नवीकोरी फोर्ड घेऊन डेटोनाला गेली आणि ती ठोकून आली. हिल्सबरोला तिची गाडी उलटली, त्याचे फोटो प्रसिद्ध आहेत. त्यानंतरही ती शर्यतीत राहिली. १९९९ मध्ये इंटरनॅशनल मोटरस्पोर्ट्स हॉल ऑफ फेममध्ये घेतलेली ती पहिली स्त्री.

बंद कोणी पाडला

आता मूळ प्रश्न. १९५४ मध्ये ट्रॅकचं नाव बदलून ऑरेंज स्पीडवे झालं, जिल्ह्याच्या नावावरून. शर्यती चालू होत्या, मोठे ड्रायव्हर येत होते. पण आजूबाजूचं जग बदलत होतं. १९५० मध्ये डार्लिंग्टनला डांबरी, सव्वा मैलाचा ट्रॅक झाला. १९५९ मध्ये खुद्द फ्रान्सने डेटोनाला अडीच मैलांचा उंच कललेल्या वळणांचा ट्रॅक उघडला. १९६० मध्ये शार्लटला दीड मैलाचा आला. वेग वाढला, तिकिटं वाढली, टीव्हीला दाखवण्यासारखं काहीतरी मिळालं. मातीचे छोटे ट्रॅक वेळापत्रकात मागे पडत गेले.

साठच्या दशकात पाद्र्यांचा विरोध जोर धरत होता, त्याच वेळी फ्रान्सच्या डोक्यात आणखी मोठा ट्रॅक घोळत होता. तो शेवटी अलाबामात टॅलाडेगाला झाला, २.६६ मैलांचा, आणि सप्टेंबर १९६९ मध्ये सुरू झाला. हिल्सबरोची शेवटची शर्यत १५ सप्टेंबर १९६८ ला झाली, रिचर्ड पेटी जिंकला. गावात सांगतात की पाद्र्यांनी अडवलं नसतं तर टॅलाडेगा इथेच झाला असता. तसं झालं असतं तर एक गोष्ट नक्की: मातीचा हा लंबगोल बुलडोझरखाली गेला असता.

आणि काहीच केलं नसतं तर? पुढच्या चार वर्षांत काय झालं ते पाहा. ३० सप्टेंबर १९७० ला राज्याची राजधानी रॅली, तिथल्या स्टेट फेअरग्राउंड्सवर शर्यत झाली, आणि मुख्य मालिका मातीवर धावायची ती तिथेच थांबली, २०२१ मध्ये ब्रिस्टलला माती टाकून शर्यत घेईपर्यंत. १९७१ मध्ये मालिकेत प्रायोजक म्हणून विन्स्टन सिगरेटचा पैसा आला. १९७२ पासून २५० मैलांपेक्षा छोट्या शर्यती मालिकेतून काढल्या आणि वर्षाच्या ४८ शर्यतींच्या ३१ झाल्या. हिल्सबरोच्या शर्यती त्याहून बऱ्याच कमी अंतराच्या होत्या. मातीचा ट्रॅक म्हणून तो १९७२ पाहू शकला नसता.

डांबर घालून वाचला असता का? हा आक्षेप रास्त आहे, कारण पहिल्या हंगामाच्या आठ ट्रॅकांतल्या मार्टिन्सव्हिलने नेमकं तेच केलं. १९५५ मध्ये तिथे डांबर पडलं आणि तो आजतागायत चालू आहे. पण मार्टिन्सव्हिलचा मालक गावातलाच होता आणि तो एक ट्रॅक हेच त्याचं सर्वस्व होतं. फ्रान्सची गोष्ट तशी नव्हती. त्याला डेटोना होता, टॅलाडेगा होणार होता. वर्षाला एक-दोन शर्यतींसाठी, गावाशी भांडण घेऊन, नदीकाठच्या ट्रॅकवर तो पैसे ओतेल असं मला वाटत नाही. पाद्र्यांनी त्याला निघायला कारण दिलं. निघायचं मन त्याचं आधीच झालं होतं, असं माझं मत.

मग वाचला कसा

त्याच आठांतला पेन्सिल्व्हेनियातला लँगहॉर्न घ्या. मैलाचा, जवळपास पूर्ण गोल, ड्रायव्हरना धडकी भरवणारा ट्रॅक. तो मोठ्या शहराजवळ होता, जमिनीला भाव आला आणि १९७१ मध्ये बंद होऊन त्यावर दुकानं झाली. शार्लटचा जुना मातीचा ट्रॅक तर केव्हाच मोडला. हिल्सबरोला मात्र १९६८ नंतर या जागेची कुणालाच घाई नव्हती. शर्यत नको हे ठरलेलं, आणि दुसरं काही करण्यासारखं मोठं शहर तेव्हा इथे नव्हतं. जमीन पडून राहिली. पाईन आणि सिकमोर वाढले.

पुढे नव्वदच्या दशकात रिसर्च ट्रँगलची, म्हणजे रॅली-डरॅमकडच्या संशोधन-उद्योगांच्या पट्ट्याची, वस्ती या बाजूला सरकू लागली तेव्हा खरा धोका होता. नेमक्या त्या काळात जागा रिचर्ड जेनरेट यांच्या संस्थेकडे आली. जेनरेट हे वॉल स्ट्रीटवरचे बँकर, जुनी घरं विकत घेऊन जपण्याचा त्यांना नाद. शेजारचं एअर माउंट हे १८१५ सालचं विटांचं घर त्यांनी आधीच घेतलं होतं. म्हणजे ट्रॅक वाचवणारा माणूस शर्यतीतला नव्हताच, घरांचा होता. २००२ मध्ये ट्रॅकचं नाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत गेलं. पहिल्या हंगामातल्या ट्रॅकांपैकी मातीच्या रूपातच राहिलेला म्हणून त्याची नोंद महत्त्वाची. त्यानंतर जुने शर्यतवाले, त्यांची मुलं, हौशी लोक पुढे आले. झाडोरा साफ झाला, माहितीचे फलक लागले, जुन्या गाड्या आणून मेळावेही झाले.

याउलट उदाहरण नॉर्थ विल्क्सबरोचं, स्टेलीच्याच दुसऱ्या ट्रॅकचं. तो डांबरी झाला आणि १९९६ पर्यंत चालला. स्टेली गेल्यावर तो विकला गेला आणि त्याच्या शर्यतींच्या तारखा टेक्सास आणि न्यू हॅम्पशायरला नेल्या. पंचवीस वर्षं गवत वाढलं. मग डेल अर्नहार्ट ज्युनियरसारख्या नामवंत ड्रायव्हरांनी लक्ष वेधलं, राज्याने पैसा दिला आणि मे २०२३ मध्ये तिथे पुन्हा मोठी शर्यत झाली. मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण कुणी हिल्सबरोलाही तसंच करा म्हटलं, तर मी विरोध करीन. इथली झाडं आता पन्नास वर्षांची आहेत. ट्रॅक परत चालू करायचा तर ती सगळी तोडावी लागतील, आणि दिवे, पार्किंग, कुंपण आलं की ती माती उरणार नाही.

खरा पेच छोटा आहे आणि तो आत्ताच सोडवायला हवा. काँक्रीटच्या पायऱ्यांच्या सांध्यांतून झाडं उगवली आहेत आणि मुळं पायऱ्या उचलत आहेत. काही ठिकाणी पायरी दुभंगून बोटभर फट पडली आहे. मोठी झाडं काढली तर मुळं कुजून पायरी खचेल, ठेवली तर ती आणखी उचलली जाईल. माझ्या मते पायऱ्यांवरची कोवळी रोपं दरवर्षी उपटावीत, जुनी झाडं तशीच राहू द्यावीत आणि निदान एक रांग नीट बसण्याजोगी ठेवावी, म्हणजे आलेल्या माणसाला प्रेक्षकाच्या जागेवरून ट्रॅक पाहता येईल.

जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारीत जा. पानं गळलेली असतात, त्यामुळे वळणाचा पूर्ण आकार, मातीचा चढ आणि नदीकडची कड एका नजरेत येते. उन्हाळ्यात हिरवळीत काही कळत नाही आणि गोचिडी फार. फेरी मारताना शर्यतीच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या उलट जा. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना सरळ पट्ट्यावर सोडा आणि वळणावर थांबा, वेगात येणाऱ्याला ते वळण किती लवकर येतं ते लगेच कळतं.